उभं राहण्याचे पैसे कोणाला?

मागच्या आठवड्यात आपल्या चांदूर बाजारच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. इंग्लंडात म्हणे पवनचक्क्या बंद ठेवायचे पैसे देतात, तेही कोट्यवधी पौंड. खाली एका पोराने लिहिलं होतं, ‘बघा, हे गोरे किती येडे!’ दुसऱ्याने लगेच जोडलं, ‘म्हणूनच पवन-सौर सगळं ढोंग आहे, कोळसाच बरा.’ पन्नासेक अंगठे उठले. त्या रात्री मी काही लिहिलं नाही, कारण दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज हा लेख.

फॉरवर्डमधली पहिली गोष्ट खरी आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला वारा भरपूर आहे, चक्क्या भरपूर आहेत, पण तिथली वीज दक्षिणेतल्या मोठ्या शहरांकडे नेणाऱ्या तारा पुरेशा नाहीत. वारा जोरात सुटला की तारा भरतात. मग ग्रीड चालवणारी यंत्रणा चक्कीवाल्याला सांगते, बंद कर, तुझं नुकसान भरून देतो. त्याच वेळी दक्षिणेत गॅसवरचं केंद्र पैसे देऊन सुरू करावं लागतं. दोन्ही बिलं ग्राहकाच्या माथी. आणि ज्या डोंगराळ भागात त्या चक्क्या उभ्या आहेत, तिथल्याच गरीब घरांना हिवाळ्यात हीटर लावायला परवडत नाही.

पण गोऱ्यांवर हसण्याआधी अमरावतीहून नागपूरकडे निघा आणि नांदगावपेठेला मान वर करून बघा.

ती धुराडी १,३५० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाची आहेत. २७० मेगावॅटचे पाच संच. आधी इंडियाबुल्सचा, सोफिया पॉवर या नावाने आपल्याला माहीत असलेला, आता रतनइंडियाचा. याला अप्पर वर्धा धरणाचं ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले होते. धरण सिंचनासाठी बांधलं आणि पाणी कंपनीला कसं, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला. प्रकल्प उभा राहिलाच. २०१० मध्ये महावितरणशी २५ वर्षांचे करार झाले, एकूण १,२०० मेगावॅटचे. २०१५ पर्यंत पाचही संच तयार झाले. आणि त्यानंतरची काही वर्षं त्यातले संच बराच काळ थंड पडून होते, कारण मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायच्या यादीत, त्यांचा नंबरच लागत नव्हता. आता ते चालतात, हेही सांगून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल अर्धवट माहिती दिली.

थंड पडलेल्या संचाला पैसे मिळतात का? मिळतात. नुसत्या या प्रकल्पाला नाही, अशा दीर्घ कराराखालच्या प्रत्येक औष्णिक केंद्राला. करारात विजेच्या दराचे दोन तुकडे असतात. एक बदलता आकार, म्हणजे मुख्यतः कोळशाचे पैसे. वीज घेतली तरच द्यायचे. दुसरा स्थिर आकार: कारखाना उभारल्याचं कर्ज, व्याज, नफा, देखभाल. तो मिळवायला वीज बनवावी लागत नाही. ‘मी तयार होतो, तुम्ही मागितली नाही’ एवढं दाखवलं की झालं. या तयार असण्याला करारात शब्द आहे उपलब्धता. साधारण ८५ टक्के उपलब्धता दाखवली की पूर्ण स्थिर आकार.

हिशेब करून बघा, मोबाईलवरच होतो. १,२०० मेगावॅट, ८५ टक्के, वर्षाचे ८,७६० तास. सुमारे ८९३ कोटी युनिट होतात. समजा स्थिर आकार युनिटमागे फक्त एक रुपया आहे. तरी एकाही युनिटला हात न लावता वर्षाला ८९३ कोटी रुपये द्यायचे झाले. रुपया मी हिशेबासाठी धरला आहे, खरा दर प्रत्येक करारात वेगळा असतो. पण यंत्र असं चालतं.

आमच्या वस्तीतल्या एका आजीला मी हे समजावून सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कामच नाई केलं तरी पैसे भेटते काय रे बापू? मंग आमाले काहून नाई भेटत?’

तिचा प्रश्न धरूनच पुढे जाऊ.

उपलब्धता हा शब्द आपल्याला नवा आहे का? महार वतन काय होतं? गावाच्या हाकेला चोवीस तास उपलब्ध असणं. सरकारी माणूस आला, धाव. मढ्याचा सांगावा न्यायचा आहे, धाव. रात्री राखण कर. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचं, कारण वतन कुटुंबावर होतं. आणि त्या चोवीस तासांच्या उपलब्धतेचा मोबदला? तुकडाभर जमीन आणि दारोदार मागितलेली भाकर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते यासाठीच: कामाचं माप ठरवा, मोबदला रोखीत ठरवा, नाहीतर माणसाला सोडा. वऱ्हाडात कायदा वेगळा होता, पण जागल्याची रात्र तितकीच लांब होती.

याच गावगाड्यात दुसरंही वतन होतं, वरच्यांचं. देशमुखी, पाटीलकी. पिढ्यान् पिढ्या हक्क चालू, पाऊस पडो न पडो. एका वतनात उपलब्धतेचं मोल शून्य, दुसऱ्यात नुसत्या नावाचं मोल कायम. २५ वर्षांचा वीज खरेदी करार मला या दुसऱ्या वतनाची सनद वाटतो. फरक एवढाच, की ही सनद वकिलांनी इंग्रजीत लिहिली आहे.

आता समोरच्याचा युक्तिवाद ऐकू, तो अगदीच फालतू नाही. ते म्हणतात, कारखाना उभारायला हजारो कोटी लागतात, बँक हमी मागते, आणि ऐनवेळी वीज हवी असेल तर कोणीतरी तयार उभं राहिलं पाहिजे. अग्निशमनची गाडी आग लागली नाही म्हणून आपण बंद करतो का? बरोबर आहे. तयार राहण्याला किंमत आहे. मला मान्य आहे, आणि म्हणूनच विचारतो: मग ती किंमत फक्त यंत्रालाच का?

संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी बाई सकाळी सहाला डबा घेऊन नाक्यावर उभी असते. तीही उपलब्ध असते. व्यापाऱ्याची गाडी आली नाही, भाव पडला, गारपीट झाली, तर ती डबा घेऊन परत येते. तिच्या त्या दिवसाचा स्थिर आकार कोण देतो? कायद्यात तो होता! २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, की काम मागितल्यावर १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, नंतर निम्मा. म्हणजे मजुराचाही ‘उपलब्धता करार’ संसदेने केला होता. तो भत्ता हातात पडलेला माणूस तुमच्या ओळखीत आहे का? मी आमच्या भागात विचारत आलो आहे, मला अजून भेटला नाही. बहुतेक ठिकाणी काम मागितल्याची तारीख टाकलेली पावतीच देत नाहीत. पावती नाही, म्हणजे मागणी नाही, म्हणजे भत्ता नाही. कंपनीची उपलब्धता मात्र संगणकात पंधरा-पंधरा मिनिटांनी नोंदली जाते. पैसे थकले तर ती आयोगाकडे जाते, तिथून अपिलात, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि व्याजासकट मागते.

थकबाकीचं माप तरी एक आहे का? नांदगावपेठच्या प्रकल्पावरचं सुमारे ६,५७४ कोटींचं कर्ज २०२० च्या सुरुवातीला एकरकमी तडजोडीत ४,०५० कोटी रोख देऊन मिटलं. उरलेल्याच्या बदल्यात कर्ज देणाऱ्यांना काही शेअर मिळाले. कर्ज देणाऱ्यांत सरकारी बँका आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनसारख्या सरकारी संस्था होत्या. व्यवहार कायदेशीर आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही. आता दुसरीकडे बघा. १४ एप्रिल २०२१ ला अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना वीजजोडणी देण्यासाठी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ आली. ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. योजना चांगलीच. पण अट अशी, की त्या जागेवर आधीची थकबाकी नको. अहो, ज्याची जोडणी थकबाकीने कापली गेली, तोच तर अंधारात बसला आहे! अडीच हजार कोटींच्या फरकाला तडजोड म्हणतात आणि अडीच हजार रुपयांना डिफॉल्टर.

हे सगळं आपल्या बिलात कुठे दिसतं? कुठेच नाही. एखादं घरगुती बिल घ्या. स्थिर आकार सव्वाशे रुपयांच्या वर, महिनाभर घर बंद असलं तरी. मग वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वरून १६ टक्के वीज शुल्क. न घेतलेल्या विजेपायी किती गेले, याची ओळ नाही. ती रक्कम वीज खरेदी खर्चात विरघळते. आणि भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठा कारखानदार ओपन अ‍ॅक्सेसने बाहेरून वीज घेतो, छतावर सौर पॅनल लावतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला २०२४ पासून वीज मोफत झाली. शेतकऱ्याला मिळालं याचं दुःख मला नाही, पण पंप त्याच्याकडे ज्याच्या नावावर सातबारा. भूमिहीनाकडे ना पंप, ना छतावर पॅनल लावायला पक्कं छत. तो कुठे पळणार? जो पळू शकत नाही त्याच्याकडूनच वसुली होते.

आता पुन्हा वाऱ्याकडे. आपल्या जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ मोथ्याला मेडाचा दोन मेगावॅटचा प्रात्यक्षिक प्रकल्प सोडला तर पवनचक्क्या म्हणजे सातारा, सांगली, धुळे. भारतात पवन आणि सौर प्रकल्पांना ‘मस्ट रन’ दर्जा आहे, म्हणजे त्यांची वीज आधी घ्यायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने नियमच काढले: व्यापारी कारणासाठी त्यांना थांबवलं तर कराराच्या दराने भरपाई द्या. म्हणजे इंग्लंडातली गोष्ट आपल्या कायद्यात येऊन चार वर्षं झाली. राजस्थानात दुपारची सौर वीज वाहून न्यायला तारा अपुऱ्या पडतात म्हणून प्रकल्प थांबवावे लागतात. महाराष्ट्रात शेतीपंपांसाठी १६,००० मेगावॅट सौरचं लक्ष्य ठेवलं आहे. तारा आणि साठवण मागे राहिली तर उद्या आपणही भर उन्हात वीज बंद ठेवायचे पैसे मोजू, आणि रात्री कोळशाला वेगळे.

म्हणून त्या ग्रुपवरच्या पोराला माझं उत्तर असं. वारा गुन्हेगार नाही. फुकट येणारा वारा आणि ऊन थांबवायला लागणं हा नियोजनाचा गुन्हा आहे, आणि कोळसा बंद ठेवायचे पैसे तर आपण कधीपासून देतोय. एन्रॉन आठवा. १९९३ चा करार, दाभोळचा पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा. वीज इतकी महाग की मंडळाला घेववत नव्हती, आणि नाही घेतली तरी क्षमतेचे पैसे द्यायचेच. पुण्याच्या ‘प्रयास’ने त्या करारातलं हे गणित वेळीच मांडलं होतं. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, माधव गोडबोले समितीने वाभाडे काढले. तरी पुढच्या दशकात भारनियमनाच्या भीतीने पुन्हा धडाधड करार झाले. मागणीचा अंदाज चुकला. ज्यांनी अंदाज बांधला त्यांच्या पगारातून रुपया कापला गेला का?

काही मित्र म्हणतात, दादा, वीज हा आपला विषय नाही, आपला विषय ॲट्रॉसिटी, आरक्षण, शिष्यवृत्ती. त्यांना आठवण करून देतो. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याबरोबर वीज बाबासाहेबांकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी वीज धोरण समितीपुढे पहिलाच सवाल ठेवला, की वीज खासगी मालकीची असावी की सरकारी. शेतीवर लटकलेल्या माणसांना कारखान्यात आणायचं तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही त्यांची मांडणी होती. मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी लिहून ठेवलं. आणि १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे शत्रू सांगितले ते दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दुसऱ्यावर आपण बोलणं कधी सोडलं?

वीज नियामक आयोगाची दरवाढीवरची जनसुनावणी अमरावतीतही होते. तिथे उद्योगवाल्यांचे सल्लागार फायली घेऊन येतात, ग्राहक संघटनांचे चार जाणते लोक येतात. वस्तीतला माणूस नसतो. हरकत कोणालाही घेता येते, मराठीत घेता येते, वकील लागत नाही. पुढच्या वेळी आपण तीन गोष्टी लिहून नेऊ. न घेतलेल्या विजेचा स्थिर आकार केंद्रानुसार किती दिला, ते बिलाच्या मागे मराठीत छापा. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांची जुनी थकबाकी तडजोडीने मिटवा, त्याच मापाने ज्या मापाने कंपन्यांची मिटते. आणि नवा कोणताही पवन, सौर की कोळशाचा करार करण्याआधी तार आणि साठवण कुठे आहे ते दाखवा.

मसुदा मी लिहायला घेतला आहे. ज्यांच्या घरी मागच्या वर्षभराची बिलं आहेत त्यांनी फाडू नका, फोटो काढून ठेवा. ज्यांची जोडणी कापली आहे त्यांनी शेवटचं बिल शोधा. रविवारी संध्याकाळी विहारात बसू. आजी येणार आहे, तिला तोच प्रश्न आयोगापुढे विचारायचा आहे, वऱ्हाडीतच.