ओव्हनलाही आंघोळ हवी!

वीकएण्डला केक, पिझ्झा, पनीर टिक्का... ओटीजी आल्यापासून आमच्या फ्लॅटवरच्या पार्ट्या भलत्याच वाढल्यात. पण ओव्हन पुसायची वेळ आली रे आली, की सगळ्या रूममेट्सना एकदम ऑफिसचे कॉल येतात! मग मीच बाह्या सरसावते.

कारण हे काम टाळण्यासारखं नाहीच मुळी. खालच्या क्रंब ट्रेमध्ये साचलेलं तेल आणि चीज तापलं, की आधी धूर होतो आणि फारच साचलं असेल तर पेटही घेऊ शकतं. म्हणून माझा नियम साधा: बेकिंग झालं, ओव्हन पूर्ण गार झाला, की प्लग काढायचा, ट्रे धुवायचा आणि आतून ओलसर फडकं फिरवायचं. ५ मिनिटांत काम फत्ते!

काचेवर चिकट डाग बसलेत? खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लेप लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसून घ्या. हीटिंग रॉडला मात्र सोडा नको आणि पाणीही नको. तारेची घासणी तर नकोच, आतल्या कोटिंगवर ओरखडे उठतात.

जाता जाता प्लगकडेही बघा. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण ६.५ अँपिअर करंट ओढतो. त्यामुळे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये अॅडॅप्टर लावून जुगाड नको, १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. प्लग काळवंडलाय किंवा वायर गरम लागतेय? सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा. केक काय, पुढच्या रविवारीही होईल!