वाळवंटातली सहल आणि विहिरीतला सूर

माझा नातू चौदा वर्षांचा आहे. उंचीने तो माझ्या वर गेला आहे, घरात कोणालाही घाबरत नाही आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे अशी त्याची ठाम समजूत आहे. गेल्या हिवाळ्यात ओमानमध्ये, वादी शाब नावाच्या घळीत, गळ्याइतक्या हिरव्यागार पाण्याच्या काठावर त्याने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाला, "आबा, मी इथंच बसतो. तुम्ही जाऊन या."

पुतण्या मस्कतला नोकरीला आहे. बरीच वर्षे बोलावत होता, म्हणून आम्ही धाराशिवची पाच माणसे एकदाची निघालो. सुनेने आधीच यादी केली होती. वहिबाच्या वाळूत गाडी, वादीत पोहणे, मुसंदमच्या खाडीत लाकडी गलबतातून डॉल्फिन पाहणे, रास अल जिन्झला कासवे. वाळवंट आणि समुद्र असे दोन्ही पदरी असलेल्या देशाने त्या दोन्हींतून साहसाचा बाजार कसा उभा केला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

वाळूतल्या गाडीविषयी फार लिहीत नाही. ड्रायव्हर वाळवंटाच्या तोंडाशी थांबतो, चाकांतली बरीचशी हवा सोडतो. चाक पसरट झाले की वाळूत रुतत नाही. मग गाडी टेकडीवर चढते, तिरकी होते, घसरते. आतली मंडळी किंचाळतात. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून पावसाळ्यात भूम-परंड्याचा प्रवास केलेल्या माणसाला त्याचे फार अप्रूप वाटू नये. शिवाय त्यात साहस काय ते ड्रायव्हरचे. आपण पट्टा बांधून बसलेले असतो.

वादीचे तसे नाही. वादी म्हणजे आपला ओढाच म्हणा ना, डोंगराच्या दोन उभ्या भिंतींमधून जाणारा. मस्कतहून सूर गावाकडे जाताना तिवीजवळ ही वादी शाब लागते. आधी छोट्या होडीतून पलीकडे जायचे, मग पाऊणएक तास दगडधोंड्यांतून चालायचे. त्यापुढे वाट संपते आणि पाणी सुरू होते. एका डोहातून दुसऱ्या डोहात पोहत जायचे. शेवटी खडकात डोके जाईल एवढीच फट असते, तीतून आत शिरले की गुहा आणि गुहेत कोसळणारा धबधबा. इथे पैसे देऊन कोणी तुम्हाला पलीकडे नेत नाही. तुमचे हातपाय चालले पाहिजेत.

मी गेलो. एकोणसत्तराव्या वर्षी, तरंगणारे जाकीट घालून, पुतण्याला शेजारी ठेवून. परत आलो तेव्हा नातू दगडावर बसून होता. "आबा, तुम्हाला पवता येतंय व्हय?" त्याच्या आवाजात कौतुक होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढचे गाव सूर, आणि आमच्या घरातल्या पोराला सूर मारता येत नाही.

मला पोहायला कोणी शिकवले? शिकवले असे म्हणवत नाही. पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधला, कमरेला दोर लावला आणि वडिलांनी काठावरून ढकलून दिले. आठ दिवसांनी दोर सुटला, पंधरा दिवसांनी बिंडा. ज्याच्या घरी बिंडा नाही तो वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर विहीर आमच्या ताब्यात असे. सूर, मुटका, तळाची माती काढून आणण्याची पैज. त्या काळाचे गोडवे गायचा माझा हेतू नाही. विहिरींनी माणसे घेतलीही. आणि माझ्या दोन्ही बहिणींना काठावर बसून आमचे कपडे सांभाळण्यापलीकडे त्या विहिरीतून काही मिळाले नाही. पण गावातल्या बहुतेक मुलग्यांना दहा-बारा वर्षांचे होईतो पाणी कळत असे.

मग विहिरी गेल्या. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली, ती पुन्हा भरली. पण बोअर आल्यावर जी आटली ती कायमची. बोअरमध्ये पाणी असते, दिसत मात्र नाही. नळीतून येते, टाकीत जाते, पिंपात भरले जाते. आमच्या जिल्ह्यातल्या एका अख्ख्या पिढीने पाणी पाहिले ते घागरीत, टँकरमध्ये आणि बाटलीत. ज्याची टंचाई सोसली त्याची भीती बाळगायला ती पिढी शिकलीच नाही. आणि भीती नसणे म्हणजे धाडस नव्हे.

त्यातच शेततळी आली. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली सुरू झाली. पाणी साठले, द्राक्षाच्या बागा वाचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्या तळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. विहिरीला निदान कपार असते, पायऱ्या असतात, एखादे पिंपळाचे मूळ हाताला लागते. शेततळ्यात पडलेले मूल काठापासून दोन हातांवर असते आणि तरी त्याला वर येता येत नाही. त्याला वाचवायला आई उडी घेते. तिलाही पोहता येत नाही. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. तळ्याच्या चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडायला आणि दोन फुगवलेल्या ट्यूब टाकून ठेवायला किती खर्च येतो? एका फवारणीइतकाही नाही.

पावसाळ्यातल्या सहलींचे तेच. नळदुर्गाला बोरी नदी भरून आली की नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. जावेच. आदिलशाहीतल्या स्थापत्यकारांनी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल बसवला. वरून नदी कोसळते आहे आणि आत बसलेल्याच्या अंगावर थेंब नाही. खरे जलसाहस ते! कर्नल मेडोज टेलर १८५० च्या दशकात कारभारासाठी नळदुर्गाला येऊन राहिला, तोही या जागेच्या प्रेमात पडला. पण आपली मंडळी बांध पाहत नाहीत. पाण्याकडे पाठ करून कठड्यावर उभी राहतात आणि मोबाइल समोर धरतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाणी वाढताना सगळी एकमेकांना धरून उभी होती. ते चित्रण देशाने पाहिले आणि पुढच्या रविवारी लोक पुन्हा धबधब्यांवर होते.

ओमानमध्ये सगळे आलबेल आहे असे नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिथे अचानक आलेल्या पुरात शाळकरी मुलांसह वीसेक माणसे गेली. वाळवंटातला पूर फसवा असतो. पाऊस दूर डोंगरावर पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वादी भरून येते. म्हणून वाहत्या वादीत गाडी घालणे हा तिथे शिक्षेला पात्र गुन्हा आहे. आणि पाण्याची किंमत त्या लोकांना कळते, याची साक्ष त्यांचे फलज देतात. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून, नुसत्या उतारावर, गावापर्यंत आणलेला पाट. असे सुमारे तीन हजार पाट आजही वाहतात. त्यांतल्या पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजले जाई. आमच्या सुनेच्या यादीत फलज नव्हता. मी हट्टाने निझव्याला नेऊन दाखवला. घरातली मंडळी कंटाळली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तसे पाहिले तर त्या किनाऱ्याशी आमचा संबंध पुतण्याच्या नोकरीपेक्षा जुना आहे. धाराशिवजवळचे तेर म्हणजे पूर्वीचे तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथून कापड गाड्यांत भरून, बिनरस्त्याच्या मुलुखातून, भडोचच्या बंदरात जाते. तिथून पुढे अरबस्तानचा किनारा आणि तांबडा समुद्र. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा दिसतील. पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरचीच. त्या गाडीवानांना कोणी पट्टा बांधून बसवले नव्हते.

सप्टेंबर २०२५ मध्ये, आमच्या सहलीच्या दोन-तीन महिने आधी, याच कोरड्या जिल्ह्यात सीना नदीने परंडा-भूम भागातली गावे वेढली. हेलिकॉप्टरने आणि बोटींनी माणसे बाहेर काढावी लागली. जनावरे गेली, माती वाहून गेली. बोट पोहोचेपर्यंत गावात गावकऱ्यांखेरीज दुसरे कोणी नसते, आणि त्या वेळी ज्याला पोहता येते, गाठ मारता येते, बुडालेल्याच्या छातीतले पाणी कसे हाताळावे हे ठाऊक असते, तोच कामाचा माणूस. असे किती जण आपण तयार केले आहेत?

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरचे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी, सुरक्षिततेचे नियम पाळावेत. चांगले आहे. पण रविवारी डबा घेऊन धबधब्यावर जाणाऱ्या कुटुंबाचा आयोजक कोण? त्याची नोंदणी कुठे करायची?

मी म्हणतो, पोहणे शाळेत शिकवा. मुलींना आधी शिकवा. यावर मला हमखास मिळणारे उत्तर असे: "सर, नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय आणि तुम्ही तलाव मागताय?" तलाव कोण मागतो आहे? बांगलादेशात गावातल्याच तळ्यात बांबूचे मचाण बांधून, कुंपण घालून मुलांना पोहायला शिकवतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पाझर तलावांत दोन-तीन महिने पाणी असते, एखादी जुनी बारव गाळ काढून वापरता येते. दोर, ट्यूब आणि दोन पोहणारे शिक्षक लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, आणि शाळकरी मुलांना पोहणे व पाण्यातली सुरक्षितता शिकवा असे तीही सांगते. कवायतीच्या तासात 'सावधान-विश्राम' ऐवजी हे शिकवले तर शिस्त काही बुडणार नाही.

आमच्या घरापुरते सांगतो. तेरणेच्या काठी एका मित्राची विहीर अजून जिवंत आहे. पांगाऱ्याचा बिंडा कुठे मिळाला नाही, म्हणून दोन रिकामे प्लॅस्टिकचे कॅन दोरीने बांधले. नातवाबरोबर नातही येते. वयाने लहान, पण दोर तिनेच आधी सोडला. तो अजून सोडत नाही. मी काठावर दुसरे टोक धरून बसतो आणि तो दर दोन मिनिटांनी वर बघून विचारतो, "आबा, धरलंय न्हवं?"