रंग एक, न्याय दोन

फुटबॉलमध्ये लाल कार्ड कसे आले, याची हकिकत मोठी बोधप्रद आहे. १९६६ साली वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा विश्वचषकातील उपांत्यपूर्व सामना चालू होता. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला मैदानाबाहेर जाण्यास फर्मावले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते, रातीनला जर्मन येत नव्हते. तो दुभाषा मागत राहिला आणि कितीतरी मिनिटे मैदान सोडीना. केन ॲस्टन नावाचे इंग्रज अधिकारी त्या स्पर्धेत पंचांचे काम पाहत होते. घरी परतताना रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे पाहून त्यांच्या मनात आले, की पिवळा म्हणजे सांभाळून आणि लाल म्हणजे थांब, एवढे तर जगात कोणालाही कळते! १९७० च्या मेक्सिकोच्या विश्वचषकात कार्डे आली. गंमत अशी, की त्या स्पर्धेत एकही लाल कार्ड निघाले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड निघाले १९७४ साली, चिलीच्या कास्झेलीवर.

ज्याला पंचाची भाषा येत नाही त्यालाही निकाल कळला पाहिजे, हा यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या घरी इंग्रजी कागद आला की तो वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावे लागते, त्यांना रातीनचे दुभाषा मागणे मुळीच विचित्र वाटणार नाही.

मी फुटबॉलचा खेळाडू नाही. आमच्या गावी कबड्डी. कोल्हापूरला शिकायला आलो तेव्हा कळले, की इथे फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे, शाहू स्टेडियमवर त्यासाठी माणसे गर्दी करतात आणि विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. मी फुटबॉल शिकलो तो वसतिगृहात, तोही खेळून नव्हे, भांडणे ऐकून. आणि या भांडणांत निकालांच्या खालोखाल कोणता विषय येत असेल, तर लाल कार्डानंतरच्या बंदीचा.

सर्वांत मोठा गदारोळ होतो तो सुआरेझच्या नावावरून. २०१० साली जोहान्सबर्गला उरुग्वे आणि घाना यांच्यात एक-एक अशी बरोबरी होती. जादा वेळ संपत आला असताना गोलात शिरणारा चेंडू सुआरेझने सरळ हाताने अडवला. लाल कार्ड मिळाले, घानाला पेनल्टी मिळाली, आणि ग्यानने मारलेला चेंडू वरच्या दांडीला लागून गेला. मग पेनल्टींच्या फैरीत उरुग्वेने ४-२ असा विजय मिळवला. आमच्यातले निम्मे सुआरेझला लबाड म्हणतात, निम्मे म्हणतात गड्याने संघासाठी स्वतःचा बळी दिला. या वादात एक गोष्ट सुटून जाते. सुआरेझला एका सामन्याची बंदी झाली. तो नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्य सामना खेळू शकला नाही. म्हणजे नुकसान घानाचे झाले आणि भरपाई मिळाली नेदरलँड्सला! बंदीच्या नियमात हे वैगुण्य आहेच. तरीही सुआरेझच्या बाबतीत नियम जसा होता तसाच लावला गेला, कोणी कमी-जास्त केले नाही, म्हणून माझी त्याबद्दल तक्रार नाही.

त्याहून वाईट वाटते ते लोराँ ब्लाँबद्दल. १९९८ साली फ्रान्समध्येच विश्वचषक, क्रोएशियाविरुद्ध उपांत्य सामना. ब्लाँचा हात बिलिचच्या हनुवटीला लागला, आणि बिलिच कपाळ धरून खाली कोसळला. ब्लाँला लाल कार्ड. आपल्याच देशातला अंतिम सामना त्याला खेळता आला नाही. फ्रान्सने तो ३-० असा जिंकला, पण ब्लाँ मैदानावर नव्हता.

माझा खोलीमित्र इथे मला पकडतो. तो म्हणतो, ‘‘बघ, म्हणूनच आंधळा नियम नको. माणूस बघून, प्रसंग बघून निर्णय घ्यावा.’’ तर्कशास्त्राच्या तासालाही आम्ही ऐकले आहे, की न्यायाला तारतम्य हवे. तत्त्वतः कबूल. पण हे तारतम्य आजवर कोणाच्या वाट्याला आले? ब्लाँच्या नाही. १९६२ साली चिलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या गारिंचाने दोन गोल केले, आणि मग प्रतिस्पर्ध्याला लाथ मारल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. पेले आधीच जखमी होऊन बसला होता. गारिंचाही गेला तर अंतिम सामन्यात राहिले काय? शिस्त समिती बसली, आणि गारिंचाला खेळू देण्यात आले. तेव्हा आपोआप बंदीचा नियम नव्हता, समितीची मर्जी होती. अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, डब्लिनला आयर्लंडविरुद्ध क्रिस्तियानो रोनाल्डोने कोपर मारले आणि त्याला लाल कार्ड मिळाले. अशा प्रकाराला तीन सामन्यांची बंदी होते, तशी ती झालीही. पण त्यातला आर्मेनियाविरुद्धचा एक सामना भरून झाल्यावर उरलेले दोन एका वर्षासाठी तहकूब ठेवण्यात आले. त्यामुळे २०२६ च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यापासून खेळायला त्याला आडकाठी राहिली नाही. शिक्षा तहकूब ठेवण्याची सोय फिफाच्या नियमांत आहे, आणि दोनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याचे हे पहिलेच लाल कार्ड, हेही खरे. रोनाल्डो मलाही आवडतो. परंतु एखाद्या लहान देशाच्या अनामिक बचावपटूसाठी ते कलम इतक्या तत्परतेने कोणी उघडले असते काय?

आपल्याकडे याला ‘खास बाब’ म्हणतात. हा शब्द मला अकरावीत असताना कळला. माझी शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून परीक्षा फीची तारीख टळली. ते विद्यालय कोणते हे सांगण्यात अर्थ नाही. वडील चाळीस किलोमीटर एस. टी. ने आले, खिडकीसमोर उभे राहिले. ‘‘नियम सगळ्यांना सारखा,’’ असे उत्तर मिळाले. आम्ही दंड भरला. त्याच यादीत खाली आणखी एक नाव होते. त्याच्यापुढे दंडाच्या रकमेवर रेघ मारून शाईने लिहिले होते, ‘खास बाब म्हणून माफ’. वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, काय लिहिलेय? मी म्हणालो, काही नाही.

तेव्हापासून तारतम्य या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. दया असूच नये असे माझे म्हणणे नाही. पण ती द्यायची तर आधी, लिहून आणि सर्वांना द्यावी. याचे उदाहरण फुटबॉलमध्येच आहे. २००२ च्या उपांत्य सामन्यात जर्मनीच्या बालाकला पिवळे कार्ड मिळाले, चारच मिनिटांनी त्याने विजयी गोल केला, आणि आधीच्या पिवळ्या कार्डामुळे अंतिम सामन्याला मुकला. त्याला कोणी माफी दिली नाही. पुढे मात्र नियमच बदलला. २०१० च्या विश्वचषकापासून उपांत्यपूर्व फेरीनंतर प्रत्येकाची एकेक पिवळी कार्डे पुसली जाऊ लागली. मोठा असो, लहान असो, सर्वांची. आणि या सवलतीची मर्यादाही तितकीच कडक राहिली. २०१४ साली ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा याला उपांत्यपूर्व सामन्यातच स्पर्धेतले दुसरे पिवळे कार्ड मिळाले. यजमान देशाने दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि त्याच्यावाचून ब्राझीलने जर्मनीकडून सात गोल खाल्ले.

खोलीमित्र ब्राझीलचा पक्का भक्त आहे. १९६२ चा विषय निघाला की तो म्हणतो, ‘‘गारिंचा खेळला म्हणून तुझे काय बिघडले?’’ माझे काहीच बिघडले नाही. बिघडले असेल तर चेकोस्लोव्हाकियाचे. अंतिम सामन्यात पहिला गोल त्यांचा होता. पुढे ते ३-१ असे हरले. गारिंचा नसता तर निकाल बदलला असता की नाही, ते कोण सांगणार? पण ज्याला मैदानाबाहेर काढले होते त्याच्याशी त्यांना खेळावे लागले, एवढे मात्र खरे. आमच्या वसतिगृहात ब्राझीलची बाजू घेणारे बारा जण आहेत, अर्जेंटिनाची घेणारे त्याहून जास्त. चेकोस्लोव्हाकियाच्या वतीने बोलायला मी एकटाच. आणि तो देश तर १९९२ अखेर नकाशावरूनही गेला.