तुरुंगातून आमदार! उमेदवाराचा भूतकाळ विचारण्याचा मतदाराला किती हक्क आहे?

2019 च्या विधानसभा निवडणुकीत परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडमधून राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे निवडून आले, तेव्हा ते तुरुंगात होते. शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर पीककर्ज उचलल्याचा आरोप त्यांच्यावर होता. 2024 मध्ये ते पुन्हा जिंकले.

हे कायद्यात बसतं का?

बसतं. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार साधारणपणे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर उमेदवार अपात्र ठरतो, नुसता खटला सुरू असेल तर नाही. तुरुंगातल्या कैद्याला मतदान करता येत नाही, निवडणूक मात्र लढवता येते. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने याला मनाई केली होती, पण त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून ही वाट मोकळी केली.

मग मतदाराच्या हातात काय?

माहिती. उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये सांगितलं. संसदेने तो हक्क आक्रसणारी तरतूद केली, ती कोर्टाने 2003 मध्ये रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रात लिहावं लागतं. रकाने कोरे ठेवता येत नाहीत. गुन्हे प्रलंबित असतील तर प्रचारकाळात तीनदा जाहिरात द्यावी लागते. 2020 च्या निकालानुसार अशाच उमेदवाराला तिकीट का दिलं, हे पक्षालाही सांगावं लागतं आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही.

अडतं कुठे?

शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. पण सभेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. खोट्या माहितीसाठी शिक्षा आहे, तीही जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आणि ज्याच्या नावावर न घेतलेलं कर्ज निघतं, त्या शेतकऱ्याला आपल्या तक्रारीचं काय झालं हे हवं असतं. शपथपत्रात गुन्ह्याचं कलम आणि खटल्याचा टप्पा मिळतो. पाच वर्षांपूर्वीचं आणि आजचं शपथपत्र शेजारी ठेवलं, तर खटला कुठवर सरकला आणि मालमत्ता किती वाढली हे दिसतं. मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला विचारायचे पहिले दोन प्रश्न तेच.