दोन अक्षरांचा होकार

'ओके' हा शब्द ठाऊक नाही असा शाळकरी मुलगा आज शोधूनही सापडावयाचा नाही. इंग्रजीचा एकही धडा न शिकलेली आजी दूरध्वनीवर तो सहज उच्चारते आणि भाजीवालाही पैसे मोजून झाले की 'ओके' म्हणून मोकळा होतो. अशा या सर्वसंचारी शब्दाचा जन्म मात्र थट्टेत झाला आहे.

अमेरिकेतील बॉस्टन शहरी वृत्तपत्रांना एकेकाळी एक विलक्षण लहर आली होती. नेहमीच्या शब्दांचे स्पेलिंग मुद्दाम बिघडवावयाचे आणि त्यांची केवळ आद्याक्षरे छापावयाची! 'ऑल करेक्ट' म्हणजे सर्व बरोबर. त्यातील 'ए'च्या जागी 'ओ' आणि 'सी'च्या जागी 'के' घातला की झाले 'ओ. के.'. 'सर्व बरोबर' हेच चुकीचे लिहावयाचे, ही त्यातील गंमत. मार्च १८३९ मध्ये तेथील एका दैनिकात हा शब्द छापून आला. अशा लहरी चार दिवसांत विरून जातात. परंतु १८४० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे किंडरहूक गावचे. 'ओल्ड किंडरहूक' या त्यांच्या टोपणनावाची आद्याक्षरेही नेमकी तीच निघाली आणि समर्थकांनी 'ओ. के.' नावाची मंडळे काढली. व्हॅन ब्यूरेन पडले. शब्द मात्र निवडून आला! ही कुळकथा ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे चाळून १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केली.

आज या शब्दाला किती कामे करावी लागतात! साहेबांनी अर्जाला 'ओके' दिला, म्हणजे मंजुरी दिली. पडलेला मुलगा 'मी ओके आहे' म्हणतो, तेव्हा त्याला लागलेले नसते. शिक्षकांनी शेवट उंचावून 'ओके?' विचारले, तर 'समजले का?' असा त्याचा अर्थ. तोच शब्द लांबवून म्हटला, तर त्यात शंका डोकावते. आणि स्वयंपाक 'ओके' झाला असे म्हटल्यास कोणत्याही आईला आनंद होणार नाही. मालमोटारींच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज'मधील 'ओके'ची तर प्रत्येक जण निराळीच उपपत्ती सांगतो.

परका शब्द वापरला म्हणून मराठी बाटत नाही. तक्रार आहे ती आळसाची. 'दिवेलागणीपूर्वी घरी ये,' असे आई सांगते आणि मुलगा 'ओके' म्हणतो. त्याने ऐकले, की कबूल केले? मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. 'बरे' म्हणजे ऐकले. 'येतो' म्हणजे वचन दिले. 'चालेल' म्हणजे आवडले नाही, तरी सोसेन. 'हरकत नाही' यात थोडा मोठेपणा. आणि 'असो' म्हणजे हा विषय पुरे. या साऱ्या छटा एका 'ओके'त बुडवून टाकल्या, की बोलणाऱ्याची सोय होते आणि ऐकणाऱ्याची पंचाईत.

घरात यातून फार तर बोलणी खावी लागतात. सर्वत्र इतक्यावर भागत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने होती. एक उड्डाणासाठी सुटलेले, दुसरे समोरून सावकाश येणारे. आपण उड्डाणावर आहोत, असे काहीसे मोघम शब्द पहिल्या विमानातून आले. नियंत्रक 'ओके' म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग त्याने थांबण्यास सांगितले. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणी बोलू लागले. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून कर्कश आवाज उमटला. पहिल्या विमानात स्पष्ट पोहोचला तो 'ओके' तेवढा. दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे प्राणास मुकली. धुके, घाई अशी इतरही कारणे होती. सारा दोष एका शब्दाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. तरीही ज्यांनी पुढे नियम केले, त्यांनी या शब्दाकडे दुर्लक्ष केले नाही. 'टेक ऑफ' हे शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचे असतात. एरवी 'डिपार्चर' म्हणावयाचे. मिळालेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवावी लागते. नुसते 'ओके' हे तेथे उत्तर म्हणून धरले जात नाही.