पडीत तुकडा वाहीत आणणाऱ्या नवख्या शेतकऱ्यासंबंधीं

शिमगा सरला, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या गेल्या, आणि मृग नक्षत्रापर्यंत सुमारें अडीच महिन्यांचा अवकाश आतां आपणांपुढें आहे. याच अवकाशांत दरसाल कोणी ना कोणी, वर्षानुवर्षें ओस राहिलेला तुकडा वाहीत आणण्याचा निश्चय करितो. असे तुकडे आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत थोडेथोडके नाहींत. 18 एप्रिल 1951 रोजीं आचार्य विनोबांनीं पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ केला व 1953 सालीं तत्कालीन मध्यप्रदेशांत त्यासंबंधींचा कायदा झाला. त्यानंतर भूमिहीनांस ज्या जमिनी मिळाल्या, त्यांपैकीं कित्येक मुळांतच बरड अथवा झुडपांनीं व्यापलेल्या होत्या. भाऊवाटणींत आलेल्या व मालक शहरांत गेल्यामुळें पडलेल्या तुकड्यांची त्यांत पुढें भर पडली. भूदानधारकाचा नातू किंवा नोकरी सोडून घरीं परतलेला तरुण जेव्हां अशा रानासमोर उभा राहतो, तेव्हां गांवांतून त्यास सल्ला मिळतो तो असा: यंत्र लाव, नाहीं तर काडी लाव, नाहीं तर औषध मार, पण एकदांचें सारें रान मोकळें कर. हा सल्ला नवख्याचें नुकसान करणारा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रान मोकळें करावयास आठ दिवस पुरतात. तें मोकळें राखावयास निदान तीन पावसाळे लागतात. म्हणून पहिल्या वर्षीं तेवढीच जमीन हातीं घ्यावी, जेवढी घरचीं माणसें श्रावणाच्या झडींतही निंदून व डवरून काढूं शकतील. पांच एकरांचा तुकडा असला तर एक, फार तर दीड एकर. उरलेलें रान पुढील सालीं तेथेंच असणार आहे. पण एकदां उघडें करून निंदणीवांचून सोडलेलें रान पहिल्याहून दुप्पट माजतें, आणि त्या वेळीं नवख्याजवळ ना पैसा उरतो ना उमेद.

कोणत्या तणाशीं गांठ आहे हें प्रथम ओळखावें. वर्धा व पैनगंगेच्या कांठच्या खोल काळ्या जमिनींत कुंदा, कांस, हरळी व लव्हाळा हे खरे वैरी होत. यांतही कुंद्यासारखा चिवट दुसरा नाहीं. त्याचीं मुळें काळ्या मातींत दोन दोन हात खोल जातात, आणि हलक्या नांगरानें त्यांचे तुकडे मात्र होतात. ओल असतांना असा नांगर चालविला म्हणजे प्रत्येक तुकड्यास नवा कोंब फुटतो. शेतकरी समजतो कीं आपण कुंदा मारला, वास्तविक त्यानें कुंद्याची लागवडच केलेली असते! कुंद्याचीं बेटें चैत्र-वैशाखांत सब्बल व कुदळीनेंच खणावीं, मुळें वेंचून उन्हांत पसरावीं व खडखडीत वाळल्यावरच जाळावीं. हें काम कंटाळवाणें आहे व मजुरीही खातें. परंतु एकराचा हिशेब बसवावयाचा तो याच कामावरून, यंत्राच्या भाड्यावरून नव्हे.

कांसाचा धडा आपल्या प्रांतास फार पूर्वींच मिळाला आहे. मागील शतकापूर्वींच्या शेवटच्या दशकांत सागर जिल्ह्यांत पिकें बुडालीं, वाही थांबली, व गव्हाच्या उत्तम जमिनी कांसानें व्यापल्या. पुढें 1949 सालीं जागतिक बँकेनें हिंदुस्थानास एक कोटि डॉलरांचें कर्ज दिलें, तें अशाच कांसाळ जमिनी भारी ट्रॅक्टरांनीं फोडण्याकरितां. म्हणजे यंत्रास आमचा विरोध आहे असें नाहीं. कोरड्या उन्हाळ्यांत खोल गेलेला फाळ कांसाचीं मुळें वर काढतो व वैशाखाचें ऊन तीं मारतें. ही गोष्ट बैलांच्या हलक्या नांगरानें साधत नाहीं. मात्र नांगरटीमागून वखराच्या पाळ्या व पाळ्यांमागून दाट पीक आलें नाहीं, तर भाड्याचा पैसा मातींत गेला असें समजावें.

बरड व डोंगरउताराच्या जमिनींत प्रकार निराळा. तेथें रायमुनिया (घाणेरी), बोरी, पळस व तरोटा. रायमुनियाचें झुडूप वरून तोडलें तर बुंध्यापासून पुन्हां फुटतें. तें मुळासकट उपटलेंच पाहिजे. तरोटा व गाजरगवत यांचें मात्र सारें बळ बियांत आहे, म्हणून फुलावर येण्यापूर्वीं तीं काढावीं, म्हणजे झालें. गाजरगवत उपटतांना हात व तोंड झांकून घ्यावें, कारण त्यानें अंगास खाज सुटते व कित्येकांस दम लागतो. उतारावरील सारें गवत एकदम काढूं नये. उताराला आडवे गवताचे पट्टे राखावे, नाहीं तर मृगाच्या पहिल्या जोरदार सरींतच माती नाल्यांत जाईल.

काडी लावण्याविषयीं. आगीनें वरचा पाला जातो, परंतु कुंदा व कांस यांचीं मुळें सुरक्षित राहतात व पावसाबरोबर अधिक हिरवीं होऊन वर येतात. शिवाय चैत्रांतील वारा कोणाचें ऐकत नाहीं. शेजाऱ्याच्या पऱ्हाट्या, कडब्याची गंजी, किंवा पलीकडील जंगल पेटलें तर जबाबदारी काडी लावणाराची.

औषधासंबंधीं अधिक सावधपणें बोलणें अवश्य आहे. 2017 च्या पावसाळ्यांत आपल्याच जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों लोकांस विषबाधा झाली व अनेक शेतकरी-मजूर दगावले. तीं औषधें किडीचीं होतीं, तणाचीं नव्हतीं, हें खरें. पण तोंडास फडकें न बांधतां व मात्रा न पाहतां पंप पाठीस लावण्याची संवय तीच आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारनें ऑक्टोबर 2022 मध्यें काढली. नवख्यानें आपल्या शेतीचा श्रीगणेशा या मार्गानें करूं नये असें आम्हांस वाटतें.

काम सुरू करण्यापूर्वीं सातबारा पाहून मोजणी करून घ्यावी, म्हणजे दुसऱ्याचा धुरा आपल्या कुदळीखालीं येणार नाहीं. झाडोऱ्यांत जुनी, बांधीव कांठ नसलेली विहीर दडलेली असण्याचा संभव असतो. प्रथम काठीनें चांचपत सगळें रान फिरावें. घोणस व मण्यार यांकरितां पायांत जाड जोडे असावे. साग, मोह, आंबा, चिंच इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतील असलीं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. आणि मोहाचें झाड तोडून तेथें कपाशीच्या चार ओळी लावणारास काय लाभ होतो, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

आतां पहिल्या पिकाविषयीं. बहुतेकांचा ओढा कपाशीकडे असतो, कारण रोख पैसा तिच्यांत दिसतो. पण कपाशीच्या ओळींत अंतर फार, तिची वाढ आरंभीं मंद, आणि नव्या रानांत तण तिच्या आधीं वर येतें. निंदणीच्या मजुरींतच नवखा कर्जांत उतरतो. त्याऐवजीं पहिल्या सालीं दाट ताग पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनींत गाडावा, किंवा ज्वारी घ्यावी. तिची सावली तणास दडपते व कडबा गुरांस होतो. कपाशी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीं.

शेवटीं दोन शब्द नवख्यास नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांस. ज्या पडीत तुकड्यांतून तरोट्याचें बीं आपल्या शेतांत येतें व कुंदा धुरा ओलांडतो, त्या तुकड्याबद्दल आपणच चावडीवर तक्रार करतों. तो वाहीत आणावयास कोणी उभा राहिला असतां, तो किती दिवस टिकतो याची मौज पाहत बसणें शोभत नाहीं. ज्याच्याकडे जोडी व वखर आहे त्यानें अक्षय्यतृतीयेनंतर दोन दिवसांची वखरणी सावडीनें द्यावी, व बदल्यांत त्याच्याकडून निंदणीचे चार दिवस घ्यावे. पहिली पाळी रोहिणी लागण्यापूर्वीं झाली पाहिजे. तेव्हां जोडी द्यावयाची ती वैशाखांतच, मृगाच्या घाईंत ती कोणासही देतां येणार नाहीं.