कोल्ट्रेन आपला नाही

जॉन कोल्ट्रेनबद्दल मराठीत कुणी बोलू लागले, की पाचव्या मिनिटाला 'इंडिया' येते. १९६१च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात ध्वनिमुद्रित झालेली ती रचना. मग रविशंकर. मग मुलाचे नाव रवी ठेवले, ते. मग १९६५चे 'ओम', त्यातले गीतेच्या ओळींचे पठण. आणि शेवटी, चहाचा कप खाली ठेवत, निष्कर्ष : "म्हणजे काय, सगळे इथूनच तर गेलेय. आपलाच माणूस." हे वाक्य मी पुण्यात ऐकले आहे, नांदेडला ऐकले आहे, आणि औंढ्यात तर माझ्या आवडीला प्रमाणपत्र दिल्यासारखे ऐकवले गेले आहे. या वाक्याला माझा विरोध आहे. त्यामागचा एकही तपशील खोटा नाही, म्हणून जरा जास्तच विरोध आहे.

त्याच १९६१ सालात या माणसाने 'आफ्रिका' वाजवली आणि स्पॅनिश वळणाची 'ओले' वाजवली. त्याची भूक जगभरची होती. त्या ताटातली एक वाटी आपली होती, एवढ्यावरून आपण अख्ख्या पंगतीचे यजमान झालो. ताट मांडले होते ते घर मात्र कुणी विचारत नाही. ते घर नॉर्थ कॅरोलायनातले. कोल्ट्रेनचा जन्म तिथल्या हॅम्लेट गावचा, १९२६चा. त्याचे दोन्ही आजोबा आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चचे धर्मोपदेशक होते. म्हणजे देवाविषयी मोठ्याने, तालात, चढत्या आवाजात कसे बोलायचे, हे या मुलाच्या कानावर सतार पडण्याच्या कितीतरी आधी पडलेले होते.

'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यूजर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एका बैठकीत मुद्रित झाले. त्याचा चौथा भाग 'साम'. 'साम' म्हणजे स्तोत्र, बायबलमधले. हे सांगावे लागते, कारण सामवेदाशी त्याचे नाते जोडणारे गृहस्थही मला भेटले आहेत. वेष्टनावर कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे आणि 'साम'मध्ये तो ती प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दाशब्दाने, अक्षराअक्षराने 'म्हणतो'. कागद समोर ठेवून ऐकले की बोट ठेवून वाचता येते. एका स्वरावर ओळ धरून ठेवायची आणि ओळ संपली की खाली येऊन टेकायचे. हा आलाप नाही. ही काळ्या चर्चमधल्या उपदेशकाची धाटणी आहे, आणि तिला वेदान्त म्हणणे म्हणजे आजोबांचे नाव खोडून तिथे आपले लिहिणे.

आता त्या चर्चविषयी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये काळे भाविक गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना धरून उठवले गेले; इथे नाही, तिकडे बसा. ॲब्सलम जोन्स हा त्यांपैकी एक. रिचर्ड ॲलन आणि तो मंडळींसह बाहेर पडले, त्यातून पुढे काळ्यांचे स्वतंत्र चर्च उभे राहिले. न्यूयॉर्कच्या जॉन स्ट्रीट चर्चमधून अशाच भेदभावापायी १७९६मध्ये काळे लोक बाहेर पडले, ते झायन चर्च. कोल्ट्रेनच्या आजोबांचे.

औंढ्याच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. आमच्याकडे बारा ज्योतिर्लिंगांतले एक म्हणून लोक येतात, अरुंद पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जातात, बाहेर येऊन मंदिराला प्रदक्षिणा घालतात आणि नंदी मागच्या बाजूला कसा, हे विचारतात. मग त्यांना सांगितले जाते, की नामदेव महाराज समोर कीर्तन करत होते, त्यांना मागे जायला सांगितले, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ऐकणारा हात जोडतो. किती सुंदर चमत्कार!

मला या गोष्टीतले 'सांगितले' हे क्रियापद खुपते. कुणी सांगितले? कसे सांगितले? गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत. त्यांतल्या एकात हा प्रसंग आहे, गावाचे नाव न घेता. आणि तिथे 'सांगितले' नाही. भक्ती करत असताना धरून उठवले, असे आहे. स्वतःच्या जातीचा उल्लेख आहे. कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसल्याचे आहे. देऊळ फिरल्याचे त्यानंतर येते. आम्ही मूळ प्रसंगातला हात गाळला, देऊळ ठेवले. चमत्काराची ही मोठी सोय असते. देऊळ फिरले म्हटले की ढकलणाऱ्याला कुणी हुडकत बसत नाही.

'स्पिरिच्युअल जॅझ' या शिक्क्याने कोल्ट्रेनचे हेच झाले आहे. शिक्का नंतरचा, रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या आणि संकलने काढणाऱ्यांच्या सोयीचा. आता ॲपवर तो ध्यान, झोप आणि पावसाचा आवाज यांच्या शेजारी असतो. आणि आपल्याकडे त्याचे 'आध्यात्मिक' असे भाषांतर झाले की काम पुरते होते. अध्यात्म म्हणजे शांत, मंद, उदबत्ती लावलेले. या व्याख्येत 'असेन्शन' कुठे बसवणार? जून १९६५, अकरा वादक, चाळीस मिनिटांच्या आसपास, आणि त्यातली कितीतरी मिनिटे सगळे एकदम कोसळत असतात. फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन तर किंचाळतो. त्याचेच १९६९चे 'कर्मा' लोक लावतात, ते त्यातल्या लाघवी सुरावटीपर्यंत. मधला आरडाओरडा आला की पुढे ढकलतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि ढकलणारे सज्जन, संगीतप्रेमी लोक होते.

गंमत अशी, की तो आरडाओरडा समजायला मराठवाड्याच्या कानाला काही कठीण जाऊ नये. सप्ताहातल्या कीर्तनाच्या शेवटचा गजर आठवा. चाळीस टाळ, दोन मृदंग, लय दुप्पट, मग आणखी. विणेकरी काय गातोय ते कुणाला कळत नाही आणि कळायची गरजही उरत नाही. त्याला आजवर कुणी 'शांत' म्हटलेले नाही. मी नाते नाकारत नाहीच. नात्याचा पत्ता चुकीचा लिहिलाय, एवढेच म्हणतो. रागाच्या, उपनिषदांच्या रस्त्याने गेलात तर फार तर 'इंडिया'शी पोचाल. गजराच्या आणि देवळामागच्या कांबळ्याच्या रस्त्याने गेलात तर 'साम'च्या दारात उभे राहाल. आणि तिथेही पाहुणे म्हणूनच.

(औंढ्याजवळ 'लायगो'ची वेधशाळा व्हायची आहे, गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. २०१५मध्ये अमेरिकेतल्या दोन केंद्रांनी पहिली लहर टिपली तेव्हा दोन्हींच्या वेळेत काही मिलिसेकंदांचा फरक होता. एकाने आधी ऐकले म्हणून लहर त्याची झाली नाही. उपमा ताणत नाही, पण आमच्या गावाला आता ही सवय लावून घ्यावी लागेल.)

कुणी म्हणेल, खरोखर इथे शिकायला आलेल्यांचे काय? आले ना. सॉनी रोलिन्स, कोल्ट्रेनच्या तोडीचा टेनर वादक, साठच्या दशकाच्या अखेरीस पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. १९६६ ते १९७२ या काळात त्याने स्टुडिओत जाऊन स्वतःचे एकही नवे रेकॉर्ड केले नाही. ध्यानाला बसून आपले मन लागत नसे, तेव्हा वाजवणे हेच तुझे ध्यान, असे आपल्याला समजावले गेले, हे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. म्हणजे पवईने त्याला त्याचेच वाद्य परत दिले. १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त तो ते मुंबईत येऊन वाजवून गेला. या गोष्टीत अभिमानाला जागा आहे, पण मालकीला नाही.

मालकीच सांगायची हौस असेल तर एक सॅक्सोफोनवाला खरोखर आपल्या शेजारचा आहे, आणि त्याच्याविषयी मराठीत मी जवळजवळ काही वाचलेले नाही. ब्राझ गोन्साल्विस. गोव्यातल्या नेवऱ्याचे. १९७०च्या आसपासची त्यांची 'रागा रॉक' ही तबकडी, लुई बँक्ससोबतचे काम, जॅझ यात्रेतले वादन. आणि पुढे क्लबांचे वाजवणे मागे टाकून ख्रिस्ती भक्तिसंगीताकडे वळणे. सॅक्सोफोन, राग आणि देव, तिन्ही एका माणसात, कोकणच्या खालच्या अंगाला. तरी आपल्या बैठकीत त्यांचे नाव निघत नाही. का निघत नाही, याचे माझे उत्तर कडवट आहे. अध्यात्म म्हटले की आपल्याला तंबोरा ऐकू येतो, गावच्या चर्चमधला ऑर्गन ऐकू येत नाही. नॉर्थ कॅरोलायनाचा ख्रिस्ती माणूस हिंदू करून घेता येतो, कारण तो लांब आहे आणि मेला आहे. नेवऱ्याचा तसा करून घेता येत नाही.

हीच तऱ्हा आपण याआधीही केलेली आहे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून निघालेल्या वादकांनी आणि संयोजकांनी मुंबईचे सिनेसंगीत उभे केले : सॅबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. 'अलबेला'मुळे आपण सी. रामचंद्रांना डोक्यावर घेतले, आणि घ्यावेच. त्यांच्यासोबत काम करणारा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट किती जणांना आठवतो? ब्राझ हे त्याचेच जावई.

आणखी जवळ यायचे तर आमच्या भागातल्या बँडपथकांपर्यंत या. वरातीत सॅक्सोफोन असतो, मिरवणुकीत असतो. वाजवणाऱ्यांत मातंग समाजातले कलावंत पुष्कळ. पिढ्यानपिढ्यांचे सनई-हलगीचे हात, त्यांनी पितळी वाद्य आपलेसे केले. ते देवापुढे वाजवतात, पण नेहमी रस्त्यावरून. 'साधक' हा शब्द त्यांच्यासाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही. तो शब्द अडीच हजारांचे हेडफोन लावून कोल्ट्रेन ऐकणाऱ्या आम्हा लोकांकडे असतो.

'संगीताला जात नसते' हे मला माहीत आहे. हे वाक्य बहुधा श्रोतेच म्हणतात. १५ सप्टेंबर १९६३ हा रविवार होता. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार मुली मेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेनने 'अलाबामा' मुद्रित केले. पाच मिनिटांचे आहे. सुरुवातीला पियानोची खालची घरघर आणि तिच्यावर सॅक्सोफोन एकेक वाक्य ठेवतो, थांबतो, पुन्हा ठेवतो. कोल्ट्रेनच्या अध्यात्माबद्दल ज्याला लिहायचे आहे त्याने इथून सुरू करावे, मग 'साम'ला यावे, आणि 'इंडिया' सर्वांत शेवटी ऐकावे.

गेल्या लग्नसराईत वरात थांबलेली असताना एका बँडवाल्याला मी ते मोबाइलवर ऐकवले. पन्नाशीचा माणूस, अल्टो सॅक्सोफोन गळ्यात तसाच. कोण, कुठला, काही सांगितले नव्हते. त्याने फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकले.

"सर, हे मयतीचं हाय," तो म्हणाला. "कोण गेलतं?"

मी सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, तो रीड कुठली वापरायचा.